टबातला समुद्र

कोल्हापूरला समुद्र नाही, ही उणीव आमच्या कॉलनीत आण्णांनी भरून काढली. अंगणात निळा प्लास्टिकचा टब, त्यात पंचगंगेची वाळू, वर दोन किलो खडेमीठ आणि बादलीभर पाणी. रोज सकाळी आण्णा त्यात बोट बुडवून चाटायचे आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर करायचे, "अजून गणपतीपुळं आलं न्हाई. मीठ कमी पडतंय."

आण्णा मूळचे हुपरीचे. जन्मभर पैंजणं घडवली. डोळे दमल्यावर माझ्या शेजारी राहायला आले, पण कसोटीचा काळा दगड काही खिशातून गेला नाही. चांदीचा कस बघायचा दगड. आता त्याला चांदी मिळेना, तर भांडी घासायची पावडर, भेंडी, डॉक्टर, सगळ्यांचा कस चालू. "कस लावल्याबिगर घ्यायचं न्हाई," हे त्यांचं ब्रीद. जावयाचाही त्यांनी इतका कस लावला, की तो आजही सासऱ्यासमोर उभ्यानंच चहा पितो.

तर असे आण्णा मेटल डिटेक्टर घ्यायला निघाले. जमिनीत पुरलेला धातू हुडकणारं मशीन. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्या आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून माणूस मोबाइलवरचे असले व्हिडिओ बघायला लागला, असं मी सगळ्यांना सांगायचो. कॉलनीला ते पटलं नाही. कॉलनीनं गुप्तधन ठरवूनच टाकलं. समोरचे शिंदे तर सांगून आले, "आण्णा, घावलं तर निम्मं मंडळाच्या गणपतीला."

दुकानदारांना आण्णांनी फोनवर सळो की पळो केलं.

"पावणं, मशीन पायजे."

"वाळूसाठी, का जमिनीसाठी?"

"दोन्हीबी."

"पहिलंच मशीन ना काका? मग आधी एक काहीतरी ठरवा."

"ते ठरत न्हाई म्हणून तर मशीन घ्यायलोय की!"

शेवटी एक सेल्समन तीन मशीनं घेऊन घरी आला. त्या बिचाऱ्याला वाटलं, चहा घेऊ, बटण दाबून दाखवू, जाऊ. आण्णांनी आदल्या दिवशीच टबात खिळा, सोड्याच्या बाटलीचं झाकण, रुपया आणि आणखी एक वस्तू पुरून ठेवली होती. पहिलं मशीन टबाजवळ नेताच जे केकाटायला लागलं, ते थांबेचना.

"खाऱ्या ओल्या वाळूत साधं मशीन असंच करतं," सेल्समन म्हणाला.

"मग बोंबलायला आमची कॉलनी काय कमी हाय? ठेव ते बाजूला."

दुसऱ्यानं रुपया बरोबर दाखवला. सेल्समनचा चेहरा उजळला. आण्णांचा नाही.

"आणि खालची वस्तू?"

"खाली काय आहे?"

"साखळी."

"साखळी अवघड असते काका. मशीनला एकेक बारीक कडी सुटी दिसते. पण रुपया घावला की!"

"रुपया कोण हुडकायलंय मर्दा?"

मी कट्ट्यावर बसून हे सगळं मजेत बघत होतो. तिसरं मशीन वाळूवरून फिरलं आणि अगदी बारीक कुईं झालं. आण्णांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा कुईं. मग त्यांनी वाळूत हात घालून वस्तू बाहेर काढली आणि माझी मजा तिथंच संपली.

काकूंचं पैंजण होतं. एका पायातलं.

आता खरं सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण मी भला माणूस म्हणून ओळखला जातो आणि त्याची सवय लागते.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही घरं माझ्या जीपमधून गणपतीपुळ्याला गेलतो. दिवसभर समुद्रावर, येताना बांबवड्याजवळ माझ्या मळ्यात उतरून कणसं भाजली. घरी आल्यावर काकूंच्या लक्षात आलं, डाव्या पायात पैंजण नाही. लग्नात आण्णांनी स्वतः घडवलेला जोड. आण्णांनी विचारलं, "गाडीत बघितलंस काय?" मी चहा पीत होतो. उठायचा कंटाळा आला. "बघितलं की. न्हाई," म्हणालो.

म्हणून वाळू आणि माती, दोन्ही. ते ठरत नव्हतं, ते माझ्यामुळं.

महिन्याभरानं कव्हर बदलायला मागची सीट काढली, तर खाली पैंजण. त्याच दिवशी द्यायचं होतं. पण मग, मी गाडी बघितलीच नव्हती, हे सांगावं लागलं असतं. चार दिवसांनी काकू म्हणाल्या, "भाऊ, एकदा मळ्यात नेता?" नेलं. वाकून वाकून त्यांच्याबरोबर शोधलंसुद्धा. येताना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी एवढं केलं नसतं." तोंड मिटलं, ते मिटलंच.

आण्णा नवं घडवून देतो म्हणायचे. "हरवल्यालं घावू दे की," काकूंचं उत्तर. शेवटपर्यंत एकच पैंजण घालून हिंडल्या. भिंतीपलीकडून एकाच पायाचा आवाज यायचा.

तिसरं मशीन आण्णांनी घेतलं. मी म्हणालो, "आण्णा, आधी मळा बघू." आणि आदल्या दिवशी जाऊन, जिथं कणसं भाजली होती तिथं, वीतभर खोल पैंजण पुरून आलो. स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

दुसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावून आण्णा मळाभर फिरले. तासाभरात कुईं झालं. गुडघ्यावर बसून त्यांनी हातानं माती उकरली. पैंजण वर आलं. मी आश्चर्याचा चेहरा करून उभा.

आण्णांनी ते अंगठ्यानं पुसलं. पांढरं स्वच्छ निघालं. मग नाकाशी नेलं.

चांदी काळी पडू नये म्हणून कापडात कापूर घालून ठेवावी. हे मला आण्णांनीच कधीतरी सांगितलं होतं. मी अकरा वर्षं इमानानं पाळलं होतं.

आण्णा वर न बघता म्हणाले, "कापूर घातलावतास न्हवं?"

"व्हय."

"कुठं घावलं?"

"गाडीत. सीटखाली."

"कवा?"

"ती असताना," एवढंच म्हणता आलं. काकूंचा मी जन्मात पहिल्यांदाच एकेरी उल्लेख केला.

आण्णा उठले. गुडघ्याची माती झाडली. मला वाटलं, आता दगड खिशातून निघून डोक्यात बसतो.

"आयतवारी समुद्रावर जाऊ," ते म्हणाले.

"आता काय शोधायचं आण्णा?"

"मशीन घेतलंय की. घरात बसून कुणाशी बोलू?" दोन पावलं जाऊन थांबले. "निघायच्या आधी तेवढं गाडीत नीट बघून घे. उठून."

येताना ते माझ्या शेजारी बसले नाहीत. मागं बसले, काकूंच्या जागेवर. खिशातून दुसरं पैंजण काढून त्यांनी जोड मांडीवर ठेवला. रस्ता खराब होता. मी गाडी हळू घ्यायला हवी होती, पण घेतली नाही. प्रत्येक खड्ड्याला मागून दोन्ही पायांचा आवाज येत होता.