श्वासाचा अर्धा इंच

मापांची वही कॉम्प्युटरवर चढवायचं सुनेने ठरवलं, ते नवऱ्याच्या शेऱ्यांना वैतागून. कमरेच्या रकान्यात तो बिनदिक्कत लिहायचा, ‘चौतीस, पण जेवणाआधी.’ छातीच्या रकान्यात, ‘मागच्या वेळेएवढीच.’ कॉम्प्युटरवरही त्याने हाच खाक्या चालू ठेवला, तेव्हा सुनेने मापाच्या प्रत्येक रकान्यावर इनपुट मास्क घातला. म्हणजे रकान्यात दोनच रिकाम्या जागा दिसणार आणि त्यात दोनच आकडे बसणार. तिसरं काही दाबलं की कॉम्प्युटर ‘टुंग’ करून नकार देणार.

सासरे म्हणजे दुकानाचे मास्तर. चाळीस वर्षं गळ्यात टेप. त्यांनी बजावलं, "एक जरी कपडा तक्रार होऊन परत आला, तर हे यंत्र माळ्यावर आणि तू परत काजं-बटणांवर."

सहा वर्षं काजं-बटणं करून सुनेच्या बोटांची चाळण झाली होती. परत सुई हातात घ्यायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पहिलीच मोठी ऑर्डर आली ती गावातल्या बँडची. स्पर्धेसाठी वीस कोट. नेमकी त्याच दिवशी सुनेची दाढ ठणकायला लागली आणि ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. मग मास्तरांनी मापं घेतली, नवऱ्याने टाईप केली आणि कारागिरांनी छापील यादीवरून कटिंग केलं.

स्पर्धेच्या सकाळी बँडवाले दुकानातच कपडे चढवायला आले. गाडी दाराशी उभी होती. बँडमास्तरने कोटाचं शेवटचं बटण लावलं, तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"मास्तर," तो कसाबसा म्हणाला, "कोट झकास आहे. पण श्वास घेता येत नाहीये."

मागून एकोणीस जणांनी माना डोलावल्या. बोलायची सोय त्यांनाही उरली नव्हती.

मास्तरांचा चेहरा उतरला. ते टेप गच्च ओढून पूर्ण इंचात माप घेत आणि मग त्यात अर्धा इंच मिळवूनच पुकारत. तो श्वासाचा अर्धा इंच. सगळा धंदा त्यांनी त्या अर्ध्या इंचावर उभा केला होता.

"मी साडेअडतीस सांगितलं होतं!"

"मी साडेअडतीसच टाईप केलं," नवरा म्हणाला. "अडतीस, टिंब, पाच."

सुनेने विचारलं, "आणि टुंग नाही झालं?"

"सारखं होत होतं. डोकं उठलं, म्हणून आवाज बंद केला."

"अहो, पण पडद्यावर नुसतं अडतीस दिसत होतं ना?"

"मला वाटलं, जे मावत नाही ते आत जात असेल."

मास्तरांनी माळ्याकडे पाहिलं. सुनेने आपल्या बोटांकडे. उसवायला वेळ नव्हता. वीस माणसं ताठ उभ्यानेच गाडीत चढली, कारण बसणं कुणालाच जमेना.

दिवसभर सून दुकानात बसून होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने सुईत दोरा ओवून ठेवला.

संध्याकाळी गाडी परत आली. बँडमास्तर आत आला तो हातभर उंच चषक घेऊन. कोटाची सगळी बटणं आता सताड उघडी होती.

"पहिला नंबर!" तो ओरडला. "दरवर्षी परीक्षक कानांवर हात ठेवून बसतात. आज फुंकायला श्वासच नव्हता, म्हणून सगळं हळू वाजलं. परीक्षक म्हणाले, या बँडच्या गाण्याला चाल असते हे आज कळलं! वर ताठ उभं राहण्याचं बक्षीस वेगळं. पुढच्या वर्षी हीच मापं हवीत मास्तर, तंतोतंत!"

सुनेला हसू आवरेना. नवरा म्हणाला, "मग आवाज बंद केला ते बरंच झालं की."

"तुम्ही गप्प बसा," सून म्हणाली आणि तिने सुईतला दोरा ओढून काढला.

ती कॉम्प्युटरपुढे बसली. मास्कमध्ये टिंब आणि एक जागा वाढवली, आवाज पूर्ण मोठा केला आणि बँडचं पान मात्र तसंच राहू दिलं. तेवढ्यात बँडमास्तर म्हणाला, "आता या कोटांखाली तशाच पँटही हव्यात. आधी माझंच माप घ्या."

मास्तरांनी त्याच्या कमरेला टेप लावला, गच्च ओढला आणि सवयीने पुकारलं, "साडे..."

ते थांबले. सुनेकडे पाहिलं. चाळीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते घसा खाकरून म्हणाले.

"छत्तीस. नुसते छत्तीस लिही, बाई."