टेकचंदचा रोवणीचा पिक्चर

टेकचंद पटलेबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विचारलं की त्याच्या गमती सांगायचो, लोक हसायचे, आणि जिथे माझा भाग सुरू होतो तिथे मला नेमकी चहाची आठवण व्हायची. आता डॉक्टरने चहाच बंद केला आहे. तेव्हा सांगून टाकतो.

गोंदियात आमची घरं समोरासमोर. टेकचंदच्या बैठकीत भिंतभर फळ्या आणि त्यांवर जुन्या सिनेमांच्या सीड्या. पण मधेच कुठेतरी दोन डब्यांमध्ये फट आणि त्या फटीत घडी घातलेला हातरुमाल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्याच्या बायकोचा, कौशल्यावहिनींचा, पुसता पुसता राहिला असेल. काढायला गेलो तर हा ओरडला, "अबे, हात नको लावू! जागा धरली हाये!"

"कोणासाठी?"

"येऊन राहिली ना थे!"

म्हणजे जो सिनेमा घरी पाहायला अजून बाजारात आलेलाच नाही, येईल की नाही हे कंपनीलाही ठाऊक नाही, त्याच्यासाठी याने फळीवर रुमाल टाकून जागा धरली होती. गंमत अशी की हा माणूस नोकरीभर एसटीत कंडक्टर होता आणि खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांवर त्याचा भारी राग. गोंदिया-देवरी गाडीत तो असे रुमाल गोळा करायचा आणि हातात नाचवत विचारायचा, "कोनाचं नाक बसलं हाये इथं?" मी त्याला याची आठवण दिली. तो म्हणाला, "माणसाले उभ्यानं जाता येते, वासुदेवा. सीडीले बी उभंच राहाचं असते, पण तिले जागा लागते."

"येऊन राहिली" हा त्याचा श्वास होता. कोणता जुना पिक्चर, कोणत्या सणाला, किती चकत्यांचा येणार, हे तो पावसाच्या अंदाजासारखं सांगायचा, आणि खरंही तेवढंच ठरायचं. पण त्याचं शास्त्र होतं. जुन्या नटीने मुलाखत दिली, की समजायचं सीडी येऊन राहिली. नटाच्या नातवाचं लग्न निघालं, की घरचे जुने पिक्चर विकून मांडव घालणार, सीडी येऊन राहिली. एखादा दिग्दर्शक वारला तर टेकचंद आधी मनापासून हळहळायचा, कपाळाला हात लावायचा, आणि मग हळूच म्हणायचा, "आता काढतील."

"लाज वाटू द्या," कौशल्यावहिनी आतून म्हणायच्या. "माणूस गेला अन् हे सीडी मोजून राहिले."

"मी कोनाले मारलं का? मी फक्त अंदाज सांगून राहिलो."

दुसरं वेड काळ्या पट्ट्यांचं. मोठ्या पडद्यासाठी काढलेला रुंद पिक्चर घरच्या टीव्हीवर पूर्ण दाखवला, तर वर आणि खाली काळी पट्टी येते. लोकांना वाटतं टीव्ही बिघडला. टेकचंदला वाटायचं, देव भेटला. पट्ट्या नको म्हणून कंपन्या पिक्चरच्या दोन्ही कडा कापून मधला चौकोन तेवढा विकत, तेव्हा हा पेटायचा. "मधातली हिरोईन ठेवली अन् कडेची माणसं फेकून देली! कडेच्याले काय आईबाप नाई?" शेजारचे लोक त्याच्याकडे क्रिकेट पाहायला येत नसत, कारण षटक संपलं की हा समजावायला लागायचा की मैदानाच्या कडेला काय काय कापलं गेलं आहे.

काळ्यापांढऱ्या सिनेमात कॉम्प्युटरने रंग भरणाऱ्यांबद्दल त्याचं एकच मत होतं: "मेलेल्या माणसाले लिपस्टिक लावून राहिले."

हे सगळं मला समजायचं, कारण मीही त्याच रोगाचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मीही सीड्या जमवू लागलो होतो. फक्त एक गोष्ट समजत नव्हती. त्याच्याकडे एका जुन्या पिक्चरची कडा कापलेली सीडी होती. अर्जुनी मोरगावकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, त्याचं थोडं शूटिंग झालं होतं, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला रोवणीचा पिक्चर म्हणतात. खरं नाव मी देत नाही. दिलं तर संग्राहक मंडळी माझा मजकूर सोडून त्याच्या छपाईवर भांडतील. त्यात चिखलात नायिका गाणं म्हणते, मागे खऱ्या गावच्या बाया धान रोवतात. टेकचंद तिथे पिक्चर थांबवायचा. पडद्याच्या अगदी डाव्या कडेला, कापलेल्या जागी, एक कोपर दिसायचं. बाकी बाई नाहीच. नुसतं कोपर. हा त्या कोपराकडे पाहत बसायचा.

"कोपरात काय आहे रे?" मी विचारायचो.

"पुढं हात हाये," तो म्हणायचा आणि पिक्चर सुरू करायचा.

आमच्यासारख्यांचा मोबाइलवर एक गट होता. कोल्हापूरचे, परभणीचे, नागपूरचे, सगळे सीडीवेडे. दिवसभर एकच चर्चा: काय येणार, कधी येणार, कोणाला कोणी सांगितलं. या गटात मान होता तो आतल्या बातमीला. टेकचंद अंदाज सांगायचा, लोक वाहवा करायचे. माझ्याकडे ना अंदाज ना बातमी. एका दुपारी जेवून पडलो असताना मला काय झालं कोण जाणे. मी लिहिलं: "माझ्या साडूचा मुलगा मुंबईत त्या कंपनीत आहे. रोवणीचा पिक्चर दिवाळीला येतोय. धुऊनपुसून साफ केलेला, पूर्ण रुंदीचा."

माझ्या साडूला मुलगा नाही. दोन मुली आहेत, दोघी भंडाऱ्यात शिक्षिका.

वाटलं, दोन दिवस मान मिळेल आणि विसरतील. पण परभणीच्या गृहस्थांनी त्यात पुस्तिकेची भर घातली. कोल्हापूरकरांनी दुसरी चकती घातली. कोणीतरी डब्याचं चित्रही टाकलं. आठवड्याभरात माझीच बातमी दुसऱ्या गटातून इतकी नटूनथटून परत आली, की मी तिला ओळखलंच नाही. खरंच सांगतो, मला वाटलं, अरे, म्हणजे खरंच येतोय की काय! मी गटावर विचारलं, "बुकिंग कुठे करायचं?"

टेकचंद मला रस्त्यात मिठी मारायला आला. "वासुदेवा, एवढी मोठी बातमी अन् आधी मले नाही सांगतलं? शेजारी हायेस का सावकार?"

त्याच पावसाळ्यात नागपूरच्या एका सदस्याने कळवलं की तिथल्या कॉलेजात याच पिक्चरची जुनं, पूर्ण रुंदीचं रीळ एकदाच दाखवणार आहेत. मला वाटलं, टेकचंद रात्रीच निघेल. तो आला, माझ्या ओट्यावर बसला आणि पहिल्यांदाच कोपराची गोष्ट बोलला.

"थे रोवणी आमच्या गावची हाये," तो म्हणाला. "माही माय त्यात हाये, डाव्या कडेले, जे कापलं थ्यात. मी तवा बांधीवर झाडाले बांधलेल्या झोळीत होतो. पुढच्या साली माय गेली. फोटो एक नाही. मी तिचं तोंड नाही पाह्यलं, म्हणजे पाह्यलं असन, पण ध्यानात नाही."

"मग चल ना नागपूरला!"

"मी पाहून काय करू? मी कसा ओळखू? बाईले मालूम हाये." बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, देवरीला दिलेली. शूटिंगच्या वेळी ती बांधीवर पाणी देत फिरत होती, चांगली कळती होती. "पण बाईचे डोळे आता कमजोर. गुडघे गेलेले. एवढ्या दूर बसमंधी कायले हाल करू तिचे? दिवाळीले सीडी घरीच येऊन राहिली ना. पोरं, नातवंडं, सारे बसून पाहू. दहा वेळा थांबवून दाखवीन तिले. काऊन, बरोबर नाही?"

त्याने हा प्रश्न मला विचारला होता. माझ्याच तोंडाकडे पाहून. मला उत्तर ठाऊक होतं. साडूच्या दोन मुली डोळ्यांसमोर उभ्या होत्या. पण तोवर पुस्तिका होती, दुसरी चकती होती, डब्याचं चित्र होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे."

दिवाळीला बाई आली. टेकचंदने बैठक रंगवली होती, फळीवरचा रुमाल धुऊन इस्त्री केला होता. सीडी आली नाही. गटात सगळे एकमेकांवर चिडले, माझ्या साडूच्या मुलालाही शिव्या बसल्या. टेकचंदने नाही दिल्या. "कंपनीचं काम हाये, मागंपुढं होते," तो बाईला म्हणाला. "होळीले येऊन राहिली."

होळीला आली नाही. पुढच्या कोणत्याच सणाला आली नाही. दरम्यान बाईचा काचबिंदू वाढत गेला आणि एका उन्हाळ्यात देवरीहून निरोप आला की आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

मागच्या वर्षी तो पिक्चर खरंच निघाला. कोणतीही बातमी नाही, कोणाचा अंदाज नाही, आपोआप. पूर्ण रुंदीचा. कोपराला हात आला, हाताला बाई आली, आणि तिच्या पलीकडे आणखी बायांची अख्खी रांग आली, वाकलेल्या, चेहरे अर्धे कॅमेऱ्याकडे.

टेकचंद मला घेऊन देवरीला गेला. बाईला टीव्हीसमोर बसवलं. गाणं लागलं तशी ती ताठ झाली.

"हेच," ती म्हणाली. "याच गान्याच्या वक्ताले मी पानी देत होती. आता सांगते तसं पाय. मायच्या अंगावर हिरवं लुगडं हाये. शूटिंगवाले आले म्हणून नवं नेसली होती, बापानं किती बोललं. हिरवी दिसली का थेच माय."

टेकचंदने पिक्चर थांबवला. रांगेत सगळी लुगडी राखाडी.

"बाई, पिक्चर काळापांढरा हाये."

"मंग रंग कायले काढला त्याहीनं?"

"काढला नाही, बाई. होताच नाही."

"होता कसा नाही? मी पाह्यला ना!" बाई रागावली. मग आपणच हसली. "बरं, गानं तरी पुन्हा लाव."

गाणं आम्ही संध्याकाळपर्यंत लावलं. परतीच्या बसमध्ये टेकचंदने एकदम माझ्या मांडीवर थाप मारली. "आता रंगीत काढतील, वासुदेवा! येऊन राहिली म्हणून समज. तुया साडूच्या पोराले विचारून पाय."

कॉम्प्युटरने भरलेला रंग लुगड्याचा नसतो, भरणाऱ्याच्या मर्जीचा असतो, हे जन्मभर मला त्यानेच शिकवलं होतं. मी म्हणालो, "विचारतो."

आता त्याच्याकडे कोणीही गेलं, की तो पाणी द्यायच्या आधी रोवणी लावून थांबवतो आणि विचारतो, "यातली माही माय कोणती वाटते?" दूधवाल्याने कडेची दाखवली. वहिनींनी दुसरी, कारण तिची पदर खोचायची रीत टेकचंदच्या लुंगीसारखी आहे म्हणे. गॅसवाल्याने नायिकेकडेच बोट केलं, तर हा खो खो हसला. बाकी प्रत्येकाला तो एकच सांगतो, "असन, असन." आणि त्या बाईकडे नव्याने पाहून घेतो. एवढ्या आया कोणाला मिळतात, असं एकदा वहिनींनी म्हटलं, तर त्याला ते पटलं.

परवा मी ठरवून गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं. त्याने रोवणी लावली, थांबवली, खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तू अजून नाही सांगतलं, कोणती थे."

मी रांगेकडे पाहत राहिलो. त्याला वाटलं, मी चेहरे जुळवतो आहे.

"घाई नाही," तो हळूच म्हणाला. "तू सावकाश पाय."

टेकचंद, त्या दिवाळीची बातमी मी उठवली होती. त्या दिवशी ओट्यावर तू विचारलंस तेव्हा मी 'बरोबर नाही, नागपूरला चल' म्हणायला हवं होतं. मला माफ कर, आणि बाईलाही सांग. एवढंच ते वाक्य होतं. मी सावकाश पाहिलं, पाणी प्यालो आणि घरी आलो.