कासवाला दम द्या

गेममधली वाक्यं बदलावीत असं गेमवाल्याच्या मनातही नव्हतं. ते आत्याच्या मनात आलं, आणि एकदा आत्याच्या मनात आलं की इतरांच्या मनाला काही काम उरत नसे.

गेमवाला म्हणजे आत्याचा भाचा. छातीचा विकार असलेल्या मुलांसाठी त्याने टॅबलेटवरचा एक व्यायामाचा खेळ बनवला होता. टॅबलेट समोर धरला की पडद्यात आपलीच खोली दिसायची, आपल्याच खुर्च्या, आणि त्यातल्या एका खुर्चीवर झोपलेलं हिरवं कासव. मुलाने कासवापर्यंत दहा पावलं चालत जायचं, श्वास आत घ्यायचा, क्षणभर रोखायचा आणि लांब फुंकर मारायची. फुंकर जितकी लांब, तितकं कासव पुढे. दीड वर्ष गेमवाला या कासवाच्या मागे होता. तेवढ्या काळात त्याच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. कासव मात्र तसंच टवटवीत.

रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी खेळ दोनदा परत पाठवला होता. पहिल्यांदा मुलं धावली आणि खोकली. दुसऱ्यांदा धावली नाहीत, पण जागची हललीही नाहीत. "तिसऱ्यांदा आणा," बाई म्हणाल्या होत्या, "चौथ्यांदा आणू नका."

खेळातला आवाज आत्याचा होता. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेला गळा, त्याला माइक लागत नव्हता. वाक्यांचा कागद तिने हातात घेतला आणि चष्म्यावरून भाच्याकडे पाहिलं.

"'उच्छ्वास करा'? अरे, आठ वर्षांच्या पोराला उच्छ्वास म्हणजे काय ते माहीत असतं का? माझी निम्मी शाळा तो शब्द लिहिताना चुकायची."

"मग काय म्हणू?"

"दम म्हण. साधा, घरातला शब्द. दम घे, दम धर, दम दे. संपलं!"

"दम दे?"

"कासवाला दम दे. म्हणजे तुझ्यातला दम त्याला दे, फुंकर मार. न कळण्यासारखं काय आहे त्यात?"

न कळण्यासारखं काय आहे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कळलं.

रुग्णालयात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तिसऱ्या चाचणीसाठी आठ वर्षांची एक मुलगी निवडली होती. तिची छाती वाजायची म्हणून वर्गातल्या पोरांनी तिचं नाव शिट्टी ठेवलं होतं, आणि ते तिने इतर सगळ्या गोष्टींसारखंच मुकाट्याने घेतलं होतं. तिची आजवरची सर्वांत लांब फुंकर चार सेकंदांची. पाचव्या सेकंदाला ती थांबायची आणि माफी मागितल्यासारखी सगळ्यांकडे बघायची.

डॉक्टरीणबाई आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. नेमकी तीच खुर्ची कासवाची.

"बाई, जरा ती खुर्ची..." गेमवाला चाचरला.

"काय झालं खुर्चीला?"

"काही नाही. चांगली आहे."

एकदा बसल्यावर बाई रुग्णालयाच्या अध्यक्षांसाठीही उठत नसत, हे तिथल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. शिट्टीने टॅबलेट उचलला. पडद्यात कासव बाईंच्या मांडीवर निवांत झोपलं होतं. ती मोजून दहा पावलं चालली.

"शाब्बास!" टॅबलेटमधून आत्या गरजली. "आता दम घे!"

शिट्टी खाली फरशीवर बसली.

"बसलीस का गं?" ताईंनी विचारलं.

"दम घे म्हणाल्या ना."

"दम धर!" आत्या म्हणाली. शिट्टीने टॅबलेट मांडीवर ठेवला, हाताची घडी घातली आणि शहाण्यासारखी वाट बघत राहिली.

"अगं, तसं नाही, श्वास..." गेमवाला पुढे झाला.

"मध्ये बोलायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरोघरी तुम्ही जाणार आहात का सांगायला?"

गेमवाल्याला दीड वर्ष डोळ्यांसमोर पाण्यात जाताना दिसलं. तेवढ्यात आत्याचा शेवटचा हुकूम सुटला. "आता दम दे! कासवाला दम दे!"

शिट्टीने ताईंकडे पाहिलं. "खरंच देऊ?"

"दे की!" ताईंच्या डोक्यात फुंकरच होती. "चांगला मोठा दे!"

शिट्टी उठली. टॅबलेट एका हाताने बाईंच्या मांडीवर रोखला, दुसऱ्या हाताचं बोट वर केलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"ए, ऊठ! ऊठ म्हणते ना! कधीपासून बघतेय, दुसऱ्याच्या जागेवर येऊन बसायचं, वर हलायचं नाव नाही, सगळे घाबरतात म्हणून मी पण घाबरीन होय, गपचूप उठायचं नि चालायला लागायचं, नाहीतर पाठीवरचं ते टोपलं काढून घेईन नि पुन्हा देणार नाही, समजलं?"

एका दमात.

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या.

माइकला फुंकर आणि खडसावणं यांतला फरक कळत नव्हता, त्यामुळे कासवही उठलं, खुर्चीवरून उतरलं आणि खोली ओलांडून समोरच्या भिंतीतून आरपार गेलं. पडद्यावर आकडा आला: अकरा सेकंद.

"अजून देऊ?" शिट्टीने विचारलं.

"बाई, शब्दाचा घोटाळा झाला," गेमवाला काकुळतीला आला. "आमची आत्या... मी उद्याच्या उद्या बदलतो."

"दम धरा," बाई म्हणाल्या.

कोणता, ते न कळून त्याने श्वासच रोखला.

बाईंनी शिट्टीच्या बोटाला प्राणवायू मोजायची चिमटी लावली, पाठीला नळी लावून ऐकलं. "सत्त्याण्णव. आधी किती सेकंद व्हायचे हिचे?"

"चार," ताई म्हणाल्या.

बाईंनी मान्यतेच्या कागदावर उभ्या उभ्याच सही केली. "यातला एक शब्द जरी बदललात, तरी परत पाठवीन."

महिन्याभराने शिट्टीची आई तपासणीला आली. तिचा चेहरा मात्र उतरलेला.

"खोकला कमी आहे, जिना न थांबता चढते, सगळं खरं," ती म्हणाली. "पण डॉक्टर, ही आता दिसेल त्याला दम देते हो. शेजाऱ्यांना दिला, आजोबांना दिला. काल तर हिचे बाबा चारदा सोफ्यावरून उठले, आणि शेवटी भांडी घासून आले. डोस थोडा कमी नाही का करता येणार?"

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ कागद चाळले.

"शेजाऱ्यांचा बंद करा," त्या म्हणाल्या. "आजोबांचा एक दिवसाआड. बाबांचा मात्र चालू राहू दे. दिवसातून दोनदा, जेवणानंतर."