तात्या आणि डोक्यावरचं पाणी

कुणाच्याही घरी गेले की तात्या मयेकर आधी वर बघतात. घरची माणसं "या, बसा" म्हणत असतात आणि तात्या उंबऱ्यातच मान मागे टाकून छताकडे बघत उभे. मग पहिला प्रश्न, "वर टाकी केवढ्याची?"

पाण्याचं वजन ते म्हशींत मोजतात. "हजार लिटर म्हणजे एक टन, मेल्या! दोन म्हशी बसवल्यास तू डोक्यावर. आणि म्हशी निदान चरायला तरी जातात."

तात्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. बांधकामाशी संबंध स्वतःचं घर बांधलं तेवढाच. पण आमच्या नाचणे गावात त्यांच्या तडाख्यातून कोणी सुटलेलं नाही. एका बारशाला तर पाळणा बरोबर टाकीखाली आहे म्हणून त्यांनी ऐन मुहूर्तावर तो दुसऱ्या खोलीत हलवायला लावला. बाळाच्या आत्याने कानात 'कुर्रर्र' केलं ते दातओठ खात.

आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी दोन हजार लिटरची टाकी आणली. प्लंबरने दोर लावून ती गच्चीवर चढवली. बघतो तर गच्चीच्या मधोमध, टाकीच्या जागेवर, तात्या मांडी ठोकून बसलेले.

"काका, उठा की," प्लंबर म्हणाला.

"चार म्हशी!" तात्या माझ्यावर ओरडले. "तुझ्या बापाच्या वेळचा हा स्लॅब. खाऱ्या वाऱ्याने आतल्या सळ्या गंजल्यायत. खाली पोपडे पडतात ते दिसत नाहीत तुला?"

"तात्या, खाली या, चहा ठेवलाय," बायकोने जिन्यातून हाक मारली.

"चहा वर पाठव गो!"

शेवटी मी माझ्या भाचीला, नेहाला बोलावलं. ती बांधकामाचीच इंजिनीअर. तिने खालून छतावर हातोडीने ठोकून पाहिलं. एके ठिकाणी चक्क पोकळ आवाज आला.

"मामा, इथे टाकी नको," ती म्हणाली. "काँक्रीट सुटायला लागलंय. आधी स्लॅबची दुरुस्ती कर. मग लहान टाकी आण, आणि तीही मधोमध नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर लोखंडी तुळया टाकायच्या, म्हणजे भार भिंतींवर जाईल. म्हशींचं गणित मला कोणी शिकवलं नाही, पण तात्यांचं बरोबर आहे."

तात्या इतके खूश झाले, की आम्हा दोघांना कोकम सरबताला थेट घरी घेऊन गेले. मागच्या दारी त्यांची टाकी दिसली. जमिनीवर! शेजारी बादली. बायको वारल्यापासून तात्या एकटेच राहतात. या वयात ते बादलीने पाणी न्हाणीघरात नेत होते.

नेहाने त्यांचाही स्लॅब ठोकून पाहिला. "तात्या, हा तर दणकट आहे. खुशाल वर ठेवा टाकी."

"असेल दणकट."

"मग अडलंय कुठे?"

तात्यांनी न्हाणीघराला लागून असलेली खोली उघडली. पलंगावर धुतलेली चादर, खिडकीत एक लाल चेंडू. "ही प्रकाशची," ते म्हणाले. प्रकाश त्यांचा मुलगा, मुंबईला असतो. "गणपतीत येतात सगळी. पण सुनेला आणि नातीला शॉवरची सवय. म्हणून हल्ली लॉजवर उतरतात. आरतीला येऊन जातात."

"मग टाकी वर चढवा ना," मी म्हटलं. "इथेच राहतील."

"आणि झोपतील कुठे? टाकीखाली?"

मला हसू येणार होतं. नेहाचा चेहरा बघून ते आलं नाही. तिने तात्यांना हिशेब समजावला नाही की वाद घातला नाही. अंगणात गेली, जांभ्याच्या कातळावर टाच आपटून पाहिली आणि म्हणाली, "तात्या, टाकी घरावर नकोच. इथे लोखंडी मनोरा उभा करू, घराहून उंच. तिथून पाइप आत."

तात्यांनी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग घराकडे. "पडला तर घरावर नाही ना पडणार?"

"नाही पडणार. पाय कातळात रोवू."

मनोरा झाला. पाणी सोडलं त्या दिवशी तात्या कपड्यांसकट शॉवरखाली उभे राहिले, आणि तसेच निथळत ओसरीवर येऊन त्यांनी मुलाला फोन लावला.

"प्रकाश, शॉवर लावलाय रे आपल्याकडे. हो, चालू झाला... गरम पाण्याचंही करतो..." मग पलीकडून बरंच काही बोलणं झालं. तात्या ऐकत होते. "छे छे, ऑफिस बुडवून नको. सवडीने या."

फोन ठेवून त्यांनी प्लंबरला परत आत नेलं. शॉवरचा कॉक बराच खाली घेता येईल का, विचारत होते. नातीचा हात पोचायला हवा म्हणाले.