अर्धं बूच, अर्धी दाढ

"बाबा, आज एकच करायचं. काकांच्या दातांकडे बघायचं नाही," मुलीने पुन्हा बजावलं.

"मी कशाला बघतोय?" दातांचे डॉक्टर दुखावल्या सुरात म्हणाले.

यावर घरात कुणाचाच विश्वास बसला नाही. डॉक्टरांना माणूस दिसायच्या आधी जबडा दिसायचा. भाजीवाल्याशी घासाघीस करता करता "तुमची अक्कलदाढ वाकडी येतेय हो" असं सांगून ते मोकळे व्हायचे. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते बायकोकडे न बघता फोटोग्राफरच्या पुढच्या दाताकडे बघताना दिसतात. बाईंनी तो फोटो अजून भिंतीवर लावू दिलेला नाही.

पण आजचा प्रसंग नाजूक होता. मुलीने मुलगा स्वतःच पसंत केला होता, तो डॉक्टरांना आणि बाईंनाही आवडला होता. आता अडलं होतं ते मुलाच्या वडिलांच्या होकारापाशी. ते द्राक्षांचे बागायतदार, घरच्या द्राक्षांची वाइन करणारे. वादळ, गारपीट, टोळधाड कशालाही न डगमगणारा हा माणूस फक्त दातांच्या डॉक्टरला टरकायचा, आणि मुलाने सासरा म्हणून नेमका तोच शोधला होता. बागेत तोडणी चालू असल्यामुळे मुलगा येऊ शकला नव्हता. ते एकटेच आले, आणि आले ते तोंडाच्या एकाच बाजूने हसत.

डॉक्टरांची नजर सरळ त्यांच्या डाव्या गालावर गेली. बाईंनी टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला.

बागायतदारांनी फडक्यात गुंडाळलेली बाटली अलगद टेबलावर ठेवली. "आजोबांनी लावलेल्या वेलींची आहे. खोडं बघाल तर माझ्या मांडीएवढी. म्हाताऱ्या वेली घड मोजकेच धरतात, पण त्यात सगळा जीव ओततात. तीन जातींची द्राक्षं आहेत हिच्यात. एकीचा रंग, दुसरीचा वास आणि तिसरीचा खमकेपणा. मुलगा जन्मला त्या वर्षी केली, तेव्हापासून तळघरात मुरतेय. ही शेवटची."

"अहो, मग ती आज कशाला?" बाई म्हणाल्या.

"आज नाही तर कधी, वहिनी? आपण मिळून घेऊ, आणि मग मी काय ते सांगतो. डॉक्टर, तुम्हीच उघडा. उपटाउपटीत तुमचा हात कोण धरणार?"

डॉक्टर खुलले. त्यांनी बाह्या सरसावल्या, बुचात स्क्रू फिरवला आणि ओढला. बारीकसा आवाज झाला. वरचं अर्धं बूच स्क्रूला लागून बाहेर आलं आणि खालचं अर्धं बाटलीच्या गळ्यात ठाण मांडून बसलं.

मुलीने डोळेच मिटून घेतले.

"एवढं काही नाही," बागायतदार घाईघाईने म्हणाले. "आत ढकला आणि गाळून घ्या. बागेवर आम्ही तेच करतो."

"आत ढकला?" डॉक्टरांचा चेहरा पालटला. "इतक्या वर्षांत माझ्या हातून मूळ आत राहिलेलं नाही. अगं, लाईट!"

दवाखाना पुढच्याच खोलीत होता आणि डॉक्टरांच्या हाताखाली बाईच काम करायच्या. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या उठल्या, दिवा आणि हत्यारांचा ट्रे घेऊन आल्या आणि आपण काय केलं हे त्यांना ट्रे टेबलावर ठेवल्यावर कळलं.

बागायतदारांची खुर्ची आपोआप मागे सरकली.

"आरसा. बारीक चिमटा. तो नको, वाकडा दे. मान धर हिची." बाईंनी बाटलीची मान धरली. डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं. "कडेने सडलंय. फार दिवस अंगावर काढलंय. हलू नकोस हं, झालंच."

"तिला... भूल वगैरे?" बागायतदारांनी विचारलं. त्यांचा हात नकळत डाव्या गालावर गेला होता.

शेवटी बूच निघालं. एक थेंब सांडला नाही, एक कण आत पडला नाही. तरी तळाचा गाळ यायला नको म्हणून बाईंनी दवाखान्यातल्या गॉझमधून वाइन हळूहळू गाळली. रंग विटकरीकडे झुकलेला लाल, आणि वास घरभर दरवळला. त्यात सुकलेलं अंजीर होतं, ओली माती होती, जुन्या चामडी पेटीचं झाकण उघडल्यावर येतं तसलं काहीतरी होतं. बागायतदारांचे डोळे पाणावले. "वडील असते तर," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी पेला ओठाला लावला.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण समोरच्या माणसाने तोंडात घोट धरलाय हे पाहिल्यावर डॉक्टरांची जीभ आपसूक बोलून गेली. "घोळवा. डाव्या बाजूला घ्या. अजून. हं, आता थुंका."

बागायतदारांनी बिचाऱ्यांनी मुकाट्याने घोट डाव्या बाजूला घेतला होता. पुढच्याच क्षणी ते "आई गं!" करून उभे राहिले. वाइन मात्र गिळली. ती थुंकणं त्यांना मरणातही जमलं नसतं.

"खालची, शेवटची दाढ!" डॉक्टर ओरडले.

"बाबा!" मुलगी ओरडली.

"खरंय त्यांचं," बागायतदार गाल धरून खाली बसले. "महिना झाला, एका बाजूने जेवतोय. घरात कुणाला बोललो नाही." मग त्यांनी टेबलावरच्या बुचाच्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं. "डॉक्टर, उद्या सकाळी माझी दाढ काढा. बुचासारखी काढलीत तर तुमच्या मुलीला आमच्या घरी न्यायला मी आनंदाने तयार."

त्यानंतर बाटली रिकामी झाली, पण डॉक्टरांना तिची चव लागली नाही.

सकाळी बागायतदार खुर्चीत आडवे झाले ते दिलखुलास. घाम फुटला होता तो डॉक्टरांना. बाईंनी लाईट धरला, मुलगी दारात नखं खात उभी राहिली. भूल चढली. डॉक्टरांनी चिमटा लावला, हलवलं, ओढलं. बारीकसा आवाज झाला. तो आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"निघाली?" बागायतदारांनी बधिर तोंडाने विचारलं.

"अर्धी," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

दारातून एक हुंदका ऐकू आला. बागायतदारांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं, मग चिमट्यातल्या तुकड्याकडे, आणि ते गदगदून हसायला लागले, तेही दोन्ही बाजूंनी.

"अगं, रडतेस काय? तारीख काढा लग्नाची! अर्धी दाढ तुझ्या बापाच्या हातात, अर्धी माझ्या तोंडात. आता नाही म्हणून मी जाणार कुठे?" मग त्यांनी तोंड पुन्हा मोठं उघडलं आणि काहीतरी आठवून लगेच मिटलं. "फक्त एक करा व्याही. उरलेली आत ढकलू नका."