कवडूजींचा पुकारा

मांजरीला दूध पाजायचं असलं की तुम्ही-आम्ही 'मनी, मनी' करतो. कवडूजींचं तसं नव्हतं. ते दारात येऊन उभे राहायचे, डोक्याचा रुमाल ठाकठीक करायचे, हनुवटी वर उचलायचे आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा पुकारा करायचे, "चिंगी, मुलगी भुऱ्या बोक्याची, हाजिर होऽऽ!" एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यालाही नाही आली तर "गैरहाजिर" म्हणून दुधाची वाटी आत. ती मेली मांजर दोन पुकारे होईपर्यंत भिंतीवर अंग चाटत बसायची आणि तिसऱ्याला बरोब्बर हजर व्हायची.

कवडूजी यवतमाळच्या कोर्टात पट्टेवाले होते. सारी हयात दारात उभं राहून वादी-प्रतिवादींची नावं पुकारण्यात गेली. पेन्शन झाली, कमरेचा पट्टा सरकारजमा झाला, पण आवाज काही जमा करून घेता आला नाही. तो आमच्या शेजारी राहायला आला. दहा बाय दहाची खोली, पुढे दोन माणसं निजतील एवढा ओटा, आणि हा आवाज. आमचे हे कचेरीतून दमून आले की म्हणायचे, अगं, मी घरी आलोय की कोर्टात?

त्यांचा मुख्य हट्ट बापाच्या नावाचा. पुरुष असला तर 'वल्द' म्हणून बापाचं नाव, लग्नाची बाई असली तर 'जौजे' म्हणून नवऱ्याचं. ही कोर्टाची जुनी बोली. नुसतं नाव घेऊन कोणी कोणाला हाक मारली की कवडूजींना खपायचं नाही. एकदा मी दारातून "बाळू" म्हणून ओरडले तर आळीतले तीन बाळू धावत आले आणि आमचा तेवढा आला नाही. कवडूजी पलीकडून शांतपणे म्हणाले, "बाई, बापाचं नाव नसलं तं तो पुकारा नाही. ती बोंब हाय." हे वाक्य त्यांनी मला, ह्यांना, दूधवाल्याला आणि एकदा प्रत्यक्ष पोस्टमनला ऐकवलं होतं.

ह्यांनी एकदा गमतीत विचारलं, कवडूजी, तुमचं नाव कोर्टात कधी कोणी पुकारलं का हो? ते खूप हसले. म्हणाले, "पुकारणाऱ्याले कोण पुकारते?" हसता हसता त्यांनी रुमाल काढला आणि उगीच पुन्हा बांधला. सासूबाई नंतर मला म्हणाल्या, बाई, त्या माणसाला असलं विचारत जाऊ नका. त्याची दोन लेकरं बारशाच्या आधीच गेली, पाठोपाठ बायको गेली. त्याच्यामागं कोणी नाही.

आणखी एक गोष्ट. कवडूजी कोणाच्या ओट्यावर बसत नसत. कितीही 'बसा' म्हणा, "उभाच बरा" म्हणायचे. मला वाटायचं कोर्टातली सवय. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली होती, घरातले जुने देव त्यांनी विसर्जन केले होते, पण दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं राहण्याची जी सवय बापजाद्यांपासून अंगात मुरलेली, ती तेवढी निघाली नव्हती. हे मला फार उशिरा उमगलं.

आणि गंमत बघा, हाच माणूस सगळ्या गावाचे ओटे दुसऱ्यांना वाटत सुटला.

झालं असं. कापसाचा हंगाम आला की सरकी काढायच्या जिनांमध्ये काम मिळेल म्हणून कुठून कुठून माणसं यवतमाळात येत. मारेगावकडची, पांढरकवड्याच्या रानातली, कोणाचं शेत गेलेलं, कोणाला घरातून काढलेलं. दिवसा हमाली, रात्री कापूस बाजारात गाड्यांच्या खाली झोप. एका हिवाळ्यात त्यातला एक म्हातारा सकाळी उठलाच नाही. गावाला फार लागलं ते. लगेच कमिटी झाली. मोठा निवारा बांधायचं ठरलं, मग जागा कोणाची यावर बैठका झाल्या, मग छप्पर टिनाचं की कौलांचं यावर झाल्या. चहा किती झाला ते हॉटेलवाल्यालाच माहीत. दुसरा हिवाळा तोंडावर आला आणि निवाऱ्याची एक वीट हललेली नव्हती.

अशा एका बैठकीत मागे उभे असलेले कवडूजी बोलले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. गरिबाची पोरं शिकायला येतात तेव्हा वार लावून जेवतात ना? सोमवारी ह्या घरी, मंगळवारी त्या घरी. मग जेवायला वार लागतो, तर झोपायला काहून नाही लागत? प्रत्येक ओट्यानं आठवड्यातून एक रात्र द्यायची. रहीमचाचा पिंजारी तिथंच होते, ते लगेच म्हणाले, रजया मी भरून देतो, कापूस बाजारातला सांडलेला कापूस वेचू द्या म्हणजे झालं.

लोक हो म्हणाले. बैठकीत हो म्हणायला काय जातं? संध्याकाळी ज्याचा वार तो दार लावून आत बसायचा. पण कवडूजींनी सारा जन्म समन्स चुकवणारी माणसंच पाहिलेली. दिवेलागणीला ते चौकातल्या निंबाखाली उभे राहिले आणि पुकारा सुरू झाला. "लहानू वल्द सीताराम, वार मंगळवार, ओटा गुलाबराव वल्द पुंडलिकराव यांचा, हाजिर होऽऽ!" आता साऱ्या गावासमोर बापासकट नाव घेतल्यावर गुलाबराव जातात कुठं? आले गुपचूप बाहेर, ओटा झाडून दिला. आमचाही वार गुरुवारचा. सासूबाईंनी पहिल्या गुरुवारी आदळआपट केली, दुसऱ्या गुरुवारी ओटा सारवला आणि तिसऱ्या गुरुवारी ओट्यावर निजायला आलेल्या म्हातारीला ताकातली कढी नेऊन दिली. सात-आठ जणांची रात्र अशी भागू लागली.

मग पौषात सोनी आली.

विशीच्या आतबाहेरची पोर. मजुरांच्या टोळीत वाढलेली, टोळी पुढे गेली आणि हिला बाजारात सोडून गेली, कारण हिला सातवा महिना होता. बाप कधी पाहिलेला नाही, आणि पोटातल्या लेकराच्या बापाचं नाव तोंडातून काढेना. थंडी तर अशी की सकाळी बादलीत हात घालवेना. पोरीला खोकला, अंगात ताप. आळीतल्या दाईनं तिला पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, उघड्यावर अजून दोन-चार रात्री काढल्या तर दोघंही हाती लागणार नाहीत.

आमचा ओटा उघडा, उत्तरेचं वारं सरळ अंगावर. आत घ्यावी तर दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं, आणि सासूबाईंचं एकच, ही कोणाची कोण? कवडूजींच्या ओट्यावर आधीच एक आंधळा म्हातारा रोज झोपायचा. आणि खोलीत कशी ठेवू, कवडूजी म्हणाले, एकट्या माणसाच्या खोलीत पोरगी राह्यली तं लोक तिलेच बोट दाखवतील. तिन्ही बाजूंनी बंद आणि वर पक्कं छप्पर असा ओटा आळीत एकच, कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांचा. त्यांचा वार शनिवारचा, म्हणजे निदान ती एक रात्र तरी आडोशाला निघाली असती.

शुक्रवारीच कुणकुण लागली की वकीलसाहेब ओटा देणार नाहीत. त्यांनी दोघा-चौघांना बोलावून सांगितलं होतं, म्हातारेकोतारे ठीक, पण असली बाई ओट्यावर निजवायची म्हणजे उद्या आळीत तोंड दाखवायची सोय नाही. बाकीचेही मान हलवायला लागले. वकीलसाहेबांनी अंग काढून घेतलं असतं तर सोमवारपर्यंत सगळे ओटे बंद झाले असते. हे कवडूजींना कळत होतं. दिवसभर त्यांनी मांजरीलासुद्धा पुकारलं नाही.

शनिवारी दिवेलागणीला चौकात नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. सोनी निंबाच्या बुंध्याला टेकून बसलेली, रहीमचाचांची रजई अंगावर, तरी दात वाजत होते. वकीलसाहेब स्वतःच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते.

कवडूजींनी रुमाल सारखा केला. "सोनी," एवढं म्हटलं आणि थांबले.

वकीलसाहेब याचीच वाट पाहत होते. अगदी गोडीनं म्हणाले, "पुढे बोल, कवडू. सोनी कोण? मुलगी कोणाची, जौजे कोणाची? बापाचं नाव नसेल तर तो पुकारा नाही, असं तूच म्हणत आलास ना? माझ्या ओट्यावर पुकारा झालेला माणूस येईल. बोंब मारून कोणी येणार नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. इतका राग आला मला, वाटलं जाऊन त्या खुर्चीसकट माणूस उलटा करावा. पण कायदा कवडूजींचाच होता आणि तो त्यांच्याच गळ्याशी आला होता. त्यांनी सोनीकडे पाहिलं. ती खाली मान घालून माती उकरत होती. तिला सगळं कळत होतं.

मग कवडूजींनी हनुवटी वर केली.

"सोनी, मुलगी कवडूची, वार शनिवार, हाजिर होऽऽ!"

दुसरा पुकारा झाला. "सोनी, मुलगी कवडूची, हाजिर होऽऽ!" तिसऱ्याला मात्र तो आवाज, कोर्टाच्या आवारातून रस्त्यावर ऐकू जाणारा तो आवाज, मध्येच फाटला. तरी त्यांनी शेवटपर्यंत नेला.

सोनी झाडाला धरून उठली. "हाजिर," ती म्हणाली. जेमतेम ऐकू आलं.

वकीलसाहेब खुर्चीतून उठले. "कवडू, हे खोटं आहे, तुला ठाऊक आहे."

"असन, साहेब," कवडूजी म्हणाले. "तं मंग तुमी इच्या खऱ्या बापाले हाजिर करा. मी नाव मागं घेतो."

वकीलसाहेब खुर्ची उचलून आत गेले. आम्हाला वाटलं, आता दार लागणार. पण थोड्या वेळानं वकीलीणबाई कंदील घेऊन बाहेर आल्या, ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात सतरंजी पसरली आणि सोनीला हाताला धरून वर घेतलं. लोक पांगले. जे हसले होते ते सगळ्यात आधी पांगले.

कवडूजी परत निघाले ते आमच्या दारापर्यंत आले आणि आमच्या ओट्यावर बसले. चक्क बसले. पाय खाली सोडून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी आत वळले तर सासूबाईच तांब्या घेऊन येत होत्या. "ओरडून ओरडून घसा बसला त्याचा," असं पुटपुटत त्यांनी तांब्या स्वतः त्यांच्या हातात दिला. ते घटाघटा प्यायले.

दुसऱ्या दिवशी सोनीचं बोचकं कवडूजींच्या खोलीत गेलं. बापाच्या घरी लेक राहिली तर कोण बोट दाखवणार? कवडूजी बाहेर ओट्यावर आंधळ्या म्हाताऱ्याशेजारी झोपू लागले. फाल्गुनात सोनीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. आळीतल्या बायांनी बारसं केलं, आणि त्या बारशाला कवडूजी नुसते दारात उभे राहून पाळण्याकडे बघत होते. कमिटीच्या निवाऱ्याचं छप्पर तोवर टिनाचं ठरलं होतं.

मला मात्र त्यांची सकाळ आठवते. चहा झाला की कवडूजी दारात उभे राहायचे. खोली ती केवढी, सोनी हातभर अंतरावर चुलीपाशी बसलेली. तरी रुमाल ठाकठीक व्हायचा, हनुवटी वर जायची. "सोनी, मुलगी कवडूची, चहा घ्याले हाजिर होऽऽ!"

ती पहिल्याच पुकाऱ्याला "हाजिर, बा" म्हणायची. तरी उरलेले दोन पुकारे ते सोडत नसत.