फोन कोणी ठेवायचा

सुनेच्या कॉम्प्युटरवर 'चौदा तास शिल्लक' अशी अक्षरं उमटली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि तिच्या हातात होते सहा तास. पाच वाजता ती लिंक बंद होणार होती. लिंक म्हणजे नेमकं काय, हे थोरल्या बाईंना विचारू नये. पण दुकानाचं शटर पडतं तसं काहीतरी पाच वाजता पडणार आणि आपली सून बाहेर राहणार, एवढं त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून ताडलं होतं.

सून नकाशे करायची. उडत्या कॅमेऱ्याने वरून जमिनीचे शेकडो फोटो काढलेले असायचे, आणि हिने घरात बसून ते एकाला एक जोडून त्यांचा नकाशा बनवायचा. आठ वर्षं तिने हे दुसऱ्याच्या ऑफिसात, दुसऱ्याच्या नावाखाली केलं. गेल्या महिन्यात नोकरी सोडली, आणि स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलंच काम. आज त्या लिंकवरून फोटो उतरवून घेतले नाहीत तर काम दुसऱ्या कुणाकडे जाईल, असं त्या लोकांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं.

"नेट मेलंय," सून म्हणाली.

"मेलं कसं? हिरवा दिवा तर लुकलुकतोय," थोरल्या बाई आपल्या खोलीच्या दारातून म्हणाल्या. दार त्यांनी पाठीमागे ओढून घेतलं होतं.

मुलाने त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली होती. त्याला यंत्रातलं सगळं कळायचं, फक्त ती दुरुस्त व्हायची नाहीत. "सोपं आहे," तो बाह्या सावरत म्हणाला, "राउटर बंद करून चालू करायचा. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यानेच काम होतं." आणि त्याने प्लगकडे हात नेला.

"हात मागे!"

"अगं, पण आई..."

"चालतं यंत्र बंद करतात का कुणी? आणि परत चालूच झालं नाही म्हणजे? मिक्सरचं काय झालं होतं?"

मिक्सरचं नाव निघालं की मुलगा गप्प व्हायचा. त्याने हात मागे घेतला. आता मिक्सरचं एक वेळ सोडा, पण थोरल्या बाईंना त्या राउटरच्या डब्याची एवढी माया का, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण त्यांच्या खोलीत, स्टुलावर, औषधांच्या डब्याला टेकून उभं होतं.

तीन दिवसांपूर्वी त्यांच्या धाकट्या बहिणीचा टॅबवर व्हिडिओ कॉल आला. बोलणं चांगलं चाललेलं असताना शाळेवर गेलं. दोघी एकाच वर्गात, आणि दोघींचीही शाळा चौथीतच सुटली होती. सुटायच्या सुमारास एक दिवस मास्तर घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "ही मुलगी हुशार आहे, हिला काढू नका." वडिलांनी दोघींनाही काढलं ते काढलंच. पण तेव्हा दारात दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि मास्तरांचं बोट कुणाकडे होतं यावर पंचावन्न वर्षांत एकमत झालं नव्हतं.

"ठेव फोन!" शेवटी थोरल्या बाई कडाडल्या.

"मी का ठेवू? चुकलीस तू, तू ठेव!"

"फोन तू केलास, तू ठेव!"

कुणीच ठेवला नाही. जी आधी ठेवेल ती हरली, हे सांगायची दोघींना गरज नव्हती. एका आईच्या पोटच्या होत्या. तेव्हापासून टॅब चार्जरला लावून उभा होता. पलीकडे धाकटीचं कपाट आणि त्यापुढे धाकटी. अलीकडे थोरल्या बाईंचा पलंग आणि त्यावर थोरल्या बाई. परवा धाकटीने घरातले पडदे बदलले, तेही नेमके कॅमेऱ्यात दिसणारे. थोरल्या बाईंनी लगेच कपाट रिकामं करून चादरींच्या घड्या नव्याने घातल्या, एकेक चादर स्क्रीनसमोर झटकून. अक्षर मात्र दोन्हीकडून नाही.

या टॅबमुळे तर नेट अडत नसेल, अशी शंका त्यांना आली नाही का? आली होती. पण त्यांचा विचार अगदी सरळ होता. बोलत असतो तर गोष्ट वेगळी. मुक्या फोनचं असून असून वजन किती असणार? डबा बंद झाला की टॅबवरचा फोनही बंद पडतो, हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं. आणि आपल्या घरातून फोन बंद पडला म्हणजे आपणच ठेवला.

मग डबा बंद करणं सोडून बाकी सगळं झालं. मुलाने तो चालूच्या चालू, खुर्चीवर चढून कपाटावर ठेवला. तिथून खिडकीत नेला. भिंतीवरचा आरसा उतरवला, कारण म्हणे आरशावरून लहरी परत फिरतात. कॉम्प्युटरची वायर बदलली. चौदाचे पंधरा तास झाले. तेव्हा त्याला शेजारच्या शिंप्याचा संशय आला आणि तो जाऊन विचारून आला, "तुम्ही आमचं नेट तर वापरत नाही ना?"

"माझ्याकडे एकच यंत्र आहे," शिंपी म्हणाला, "आणि ते पायाने चालतं."

दीड वाजता नेटच्या कंपनीत तक्रार लावली. तिकडच्या मुलीने पहिलंच विचारलं, राउटर बंद करून चालू केला का? मुलाने आईकडे पाहिलं.

"हो म्हण," आई म्हणाली.

तो हो म्हणाला. माणूस दोन दिवसांनी येईल, असं उत्तर आलं. मग थोरल्या बाईंनी फोन आपल्या हातात घेतला. त्या काय बोलल्या ते इथे सांगण्यासारखं नाही. पण दोन दिवसांनी येणारा माणूस तीन वाजता शिडी घेऊन दारात उभा होता.

हा तारवाला पन्नाशीच्या पुढचा, हळूहळू बोलणारा आणि त्याहून हळू चालणारा होता. "बंद करून चालू केलं होतं ना?" त्याने विचारलं.

"केलं."

"कधी केलं?"

"तुम्ही दुरुस्तीला आलात का चौकशीला?" थोरल्या बाईंनी विचारलं.

तारवाल्याने बाहेरची वायर तपासली. ठीक होती. मग सुनेच्या शेजारी बसून स्वतःचा छोटा कॉम्प्युटर जोडला, चष्मा चढवला आणि वाचायला लागला. "हा एक कॉम्प्युटर. हा साहेबांचा फोन. हा तुमचा. आणि ही 'आई' कोण?"

"काय?"

"इथं नाव आलंय, 'आई'. तीन दिवस झाले, सारखी वर काहीतरी पाठवतेय. क्षणभर थांबली नाही."

"आई थांबत नाही, ते आम्हाला माहीत आहे," मुलगा पुटपुटला.

"आईंच्या टॅबला मीच ते नाव दिलंय," सून म्हणाली. "पण तो तर बंद असतो. आणि मी तर खाली उतरवतेय. वर पाठवण्याचा काय संबंध?"

"तुमची लाईन जुनी आहे ना, तिची वर जायची वाट अरुंद. चिंचोळा जिना समजा. एक तुकडा खाली आला की तुमचं यंत्र वर चिठ्ठी धाडतं, मिळाला, पुढचा पाठवा. आता जिन्यात कुणी तीन दिवस कपाट घेऊन उभं असेल तर चिठ्ठी वर जाणार कशी? आणि चिठ्ठी गेली नाही तर पुढचा फोटो सुटणार कसा? त्या टॅबवरून कुणीतरी सारखं व्हिडिओवर बोलतंय."

"पण आम्ही बोलतच नाही!"

थोरल्या बाईंच्या तोंडून निसटून गेलं. सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खोलीच्या बंद दाराकडे.

मुलाने खोलीचं दार उघडलं. स्टुलावरच्या टॅबमध्ये धाकटी मोज्यांच्या जोड्या लावत होती. भाच्याला बघून तिचा चेहरा फुलला. "काय रे, किती वाळलास! जेवायला घालतात ना?"

"मावशी, तुम्ही दोघी तीन दिवस फोनवर आहात?"

"मी नाही. तुझी आई आहे."

"मी कशाला असू? ती आहे, विचार तिला," थोरल्या बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"मावशी, हिचं काम अडलंय गं. पाचच्या आत फोटो उतरायला हवेत. ठेव ना फोन."

"ठेवला असता रे, सुनेसाठी जीव दिला असता. पण आधी तुझ्या आईला विचार, मास्तर कुणासाठी आले होते."

"कोण मास्तर?" तारवाल्याने विचारलं. मास्तरांचं त्याला काही कळलं नाही. तरी तो समजूतदार माणूस. "असं करू," तो म्हणाला, "मी तीन म्हणतो, दोघींनी एकदमच ठेवायचा. कुणी आधी नाही, कुणी मागे नाही. एक... दोन... तीन!"

दोन बोटं पुढे आली आणि काचेपासून वीतभर अंतरावर हवेत थबकली. दोघींनी एकमेकींच्या बोटाकडे पाहिलं.

"हीच ती. अशीच आहे लहानपणापासून," धाकटी म्हणाली.

"मग मी डबाच बंद करतो," तारवाला म्हणाला. "म्हणजे कुणीच ठेवला नाही."

"वा! डबा माझ्या घरचा. म्हणजे मीच ठेवला."

"बरोबर," टॅबमधून धाकटी म्हणाली. तीन दिवसांत दोघींचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर जमलं.

तेवढ्यात धाकटीच्या मागून तिच्या नवऱ्याचं डोकं डोकावलं. "अहो, ते जिन्याचं काय सांगत होतात मघाशी? अर्धवटच ऐकू आलं," त्याने तारवाल्याला विचारलं. तारवाल्याने जिना, कपाट, चिठ्ठी सगळं पुन्हा सांगितलं. "असं होय!" म्हणत डोकं विचारात पडल्यासारखं बाजूला झालं.

साडेतीन वाजत आले होते. बाहेरून टकटक ऐकू आली, तेव्हा थोरल्या बाईंच्या लक्षात आलं की या सगळ्या गडबडीत सून कधीच बाहेर निघून गेली होती. त्या बाहेर आल्या. सून टाइप करत होती.

"काय लिहितेस?"

"त्यांना कळवते. माझ्याच्याने होणार नाही, काम दुसऱ्याला द्या म्हणून."

"वाच."

"'आपण माझ्यावर विश्वास ठेवलात त्याबद्दल...'" सून थांबली. "पुढचं अजून व्हायचंय."

ती रडत नव्हती. रडली असती तर थोरल्या बाईंना सोपं गेलं असतं. रडणाऱ्या बाईला दोन शब्द सुनावता येतात. ही तर लिहिलेल्या ओळीतल्या चुका दुरुस्त करत होती. काम नको म्हणायचं, तेही नीट, शुद्ध लिहून.

"पुसून टाक ते," थोरल्या बाई म्हणाल्या.

त्यांनी खोलीतून दोन्ही पुरुषांना बाहेर काढलं आणि दार लावलं. स्टुलासमोर उभ्या राहिल्या. धाकटी खाली मान घालून मोज्यांची जोडी शोधत होती. तिला ऐकवण्यासारखं पुष्कळ होतं. पण आधी बोलणं हेही हरणंच की. थोरल्या बाईंनी ओठ घट्ट मिटले, डोळेही मिटले आणि लाल गोल दाबला.

डोळे उघडले तेव्हा काळ्या काचेत त्यांचाच चेहरा होता. फार काही बघण्यासारखा नव्हता.

"आई! एक तास दहा मिनिटं दाखवतंय!" बाहेरून मुलगा ओरडला. "पळतंय नुसतं!"

थोरल्या बाई बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. आयुष्यभर धाकटी हे चघळणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, हे त्यांना समोर दिसत होतं. निदान ज्यासाठी हरलो ते तरी पदरात पडू दे, म्हणून त्यांनी शिडी उचलणाऱ्या तारवाल्याला अडवलं. "फोटो उतरल्याशिवाय जायचं नाही."

"ताई, मला अजून दोन घरं करायचीत."

"बसा."

तो बसला. चहा आला. वीस मिनिटांनी मुलाचा फोन वाजला. धाकटीच्या नवऱ्याचा नंबर, पण आवाज धाकटीचा. मुलाने स्पीकर लावून फोन आईपुढे धरला. थोरल्या बाईंनी शिक्षा ऐकायला उभं राहावं तशी मान ताठ केली.

"हे बघ, हे धरायचं नाही!" धाकटीला धाप लागली होती. "मी फोन ठेवला नाही. ह्यांनी डबा बंद केला! ते जिन्याचं ऐकलं आणि म्हणे आपलंही नेट तीन दिवस त्यामुळेच रखडलंय. मी उठून जाईपर्यंत प्लग हातात! आत्ता कुठे चालू झालाय तो. मी बोटसुद्धा लावलं नाही गं, शप्पथ!"

थोरल्या बाईंनी उत्तर द्यायला उघडलेलं तोंड मिटलं. लाल गोल आधी दाबला गेला की तिकडचा प्लग आधी निघाला, हे आता कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

"अगं पण आई, तूच तर..." मुलगा बोलायला लागला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"मावशी," कॉम्प्युटरवरची नजर न काढता सून मोठ्याने म्हणाली, "तुम्ही अचानक दिसेनाशा झालात हो! आई तेव्हापासून टॅबसमोर बसून होत्या. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे काय झालं न काय."

थोरल्या बाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. माहेरचं माणूस भेटावं तसं पाहिलं. मग फोनकडे तोंड करून त्या इतक्या मऊ आवाजात बोलल्या की मुलाने फोन कानाला लावून खात्री करून घेतली.

"असू दे गं. घरच्या माणसांपुढे आपलं काय चालतं? ठेवला तर ठेवला. मी नाही मनाला लावून घेतलं."

पलीकडून धाकटीने नवऱ्यावर आवाज चढवलेला ऐकू आला.

पाचला वीस मिनिटं कमी असताना शेवटचा फोटो उतरला. सुनेने दोन्ही हातांनी चेहरा चोळला आणि लगेच पहिले दोन फोटो जोडायला घेतले. तारवाल्याने पिशवीतून फॉर्म काढला.

"ताई, इथे सही. आणि बिघाड काय होता ते लिहावं लागतं. मी लिहितो, घरातल्या टॅबमुळे..."

"थांबा," थोरल्या बाई म्हणाल्या. "लिहा. समोरच्या बाजूने फोन ठेवल्यावर लाईन सुरळीत झाली."

तारवाल्याने सुनेकडे पाहिलं. सून नकाशात गुंतली होती. त्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा आरसा परत भिंतीवर लावत होता. मग त्याने सांगितलं तसं लिहिलं.

थोरल्या बाईंनी अक्षरांखालून बोट फिरवत ते दोनदा वाचलं, 'समोरच्या बाजूने' या शब्दांखाली त्याला रेघ मारायला लावली, आणि पूर्ण नावाची, ठसठशीत सही केली.

"याची एक प्रत मला पाहिजे," त्या म्हणाल्या.

"प्रत कशाला लागते, ताई? तक्रार तर मिटली."

"तुमची मिटली," थोरल्या बाई म्हणाल्या.